गेममधल्या संवादाची अक्षरं एकेक करून उमटवायची असतील तर

प्रत्येक अक्षरानंतर थांबायला तू लूपमध्ये स्लीप (प्रोग्रॅम काही वेळ थांबवणारी आज्ञा) टाकला असशील, तर आधी तो काढून टाक. दोन अक्षरांमध्ये प्रोग्रॅमच झोपवला की अख्खा गेम गोठतो, बटणं दाबली तरी दाद लागत नाही. त्याऐवजी प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरचं चित्र नव्याने काढलं जातं तेव्हा) गेलेला वेळ एका व्हेरिएबलमध्ये साठवत जा. त्याला वेगाने गुणलं (सेकंदाला 30 अक्षरं, सुरुवातीला ठीक) की दाखवायची अक्षरसंख्या मिळते.

वाक्य तुकडे जोडत वाढवू नकोस. लेबलला (पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या घटकाला) आधीच पूर्ण वाक्य दे आणि किती दिसावं तेवढंच बदल. गोडो या गेम इंजिनमध्ये त्यासाठी 'व्हिजिबल कॅरेक्टर्स' आहे; गोडो 4 मध्ये मात्र सोबत 'व्हिजिबल कॅरेक्टर्स बिहेवियर' हे 'कॅरेक्टर्स आफ्टर शेपिंग' वर ठेव. नाहीतर ओळीच्या टोकाला अर्धा उमटलेला शब्द टुणकन खाली उडी मारतो. फार वाईट दिसतं ते!

संवाद मराठीत असतील तर खरी गंमत पुढे आहे. 'स्त्री' हे आपल्या लेखी एक अक्षर, युनिकोडमध्ये मात्र सहा कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाचा वेगळा क्रमांक). एकेक दाखवत गेलं तर मध्येच पाय मोडलेला स् दिसतो. म्हणून मजकूर ग्राफीम क्लस्टरनुसार, म्हणजे वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणाऱ्या गटांनुसार, तोड. जुन्या लायब्रऱ्या जोडाक्षरही मधूनच तोडतात, तेव्हा 'स्त्री' टाकूनच तपास.

आणि बटण दाबताच उरलेलं वाक्य लगेच दिसू दे. ही सोय नसलेले गेम मी तरी बंद करते.