कानांची शस्त्रक्रिया: परिणाम किती टिकतो?

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी: पुढे आलेले कान मागे घेण्याची ऑटोप्लास्टी नीट भरून आली, की परिणाम बहुतेकांना आयुष्यभर टिकतो. दर काही वर्षांनी पुन्हा करावी लागत नाही. पण कानातली कूर्चा (कानाला आकार देणारा मऊ हाडासारखा भाग) लवचिक असते, जुन्या आकाराकडे परतू पाहते. आतल्या टाक्यांभोवतीचा व्रण पक्का होईपर्यंत तिला धरून ठेवावं लागतं. म्हणून सगळं लक्ष पहिल्या काही महिन्यांकडे द्या.

नवखे इथेच चुकतात:

- दुखणं थांबलं की कान जागेवर धरून ठेवणारा डोक्याभोवतीचा पट्टा काढून टाकतात. साधारण ४ ते ६ आठवडे रात्री तो लावायचाच, कारण झोपेत कान दुमडला तर टाका सैल होऊ शकतो. नेमका काळ मात्र तुमचे सर्जन सांगतील तोच.
- आठवड्याभरातच आरशासमोर उभं राहून निकाल लावतात. सूज उतरायला वेळ लागतो, आणि तंतोतंत सारखे कान तसेही कुणाचेच नसतात.
- धक्काबुक्कीचे खेळ लवकर सुरू करतात.

एकाच कानात अचानक ठणका लागला, सूज वाढू लागली, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. पुढे कधी कान थोडा परत आला तरी खचू नका, दुरुस्ती करता येते.