लुआत स्वतःचं गणिती फंक्शन घालताना

भाऊ, लुआ या छोट्या स्क्रिप्ट भाषेला सी भाषेत लिहिलेलं आपलं फंक्शन जोडायचं, तर आधी ते सी मधलं फंक्शन साधं ठेव. लुआएल-चेकनंबरनं आकडा घ्यायचा, हिशोब करायचा, लुआ-पुशनंबरनं उत्तर स्टॅकवर (लुआ अन् सी यांच्या देवाणघेवाणीची जागा) ठेवायचं, मग रिटर्न १. हा १ म्हणजे उत्तर नव्हे, उत्तरांची संख्या! मी इथंच अख्खी दुपार घालवली, तीही नागपूरच्या मे महिन्यात, बंद पडलेल्या कूलरसमोर. ० लिहिलं की स्क्रिप्टला काहीच मिळत नाही अन् आपण सूत्रात चूक शोधत बसतो.

दुसरं, सी म्हणून कंपाइल केलेल्या लुआत चेकनंबरला आकड्याऐवजी भलतंच मिळालं की ते थेट लाँगजंप मारतं, म्हणजे फंक्शन अर्ध्यात सोडून बाहेर उडी, खालच्या ओळी चालतच नाहीत. म्हणून मॅलॉक (मेमरी मागून घेणं) त्याच्या आधी करू नको, ती परत करायची ओळ चालतच नाही अन् मेमरी गळते. कोन रेडियनमध्येच घे, लुआचं साइनही तसंच घेतं. अन् फंक्शनं ग्लोबल नको, स्वतःच्या टेबलात (लुआतला नावं अन् किमतींचा संच) टाक.