वाचकांचे प्रश्न : अलिबागच्या जुन्या वास्तू, पायी आणि वाटाड्याविना

प्रश्न : सुटीत बारा वर्षांच्या नातवाला घेऊन अलिबागला जायचे आहे. मागच्या वेळी दुपारी बाराला किनाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा समुद्र भरलेला होता आणि कुलाबा किल्ला लांबूनच पाहून परतावे लागले. या वेळी वाटाड्या न घेता, पायी फिरून गावातल्या जुन्या वास्तू एका दिवसात पाहता येतील का? किल्ल्याखेरीज आणखी काय पाहावे, आणि इस्राएल आळीतले प्रार्थनामंदिर परक्या माणसाने पाहिलेले चालते का? — एक वाचक भगिनी, पेण

उत्तर : एका दिवसात हे सारे पाहता येते, मात्र दिवस निवडताना सुटीच्या आधी तिथी पाहिली पाहिजे. आपल्या किनाऱ्यावरची जुनी माणसे भरतीची वेळ तोंडी काढतात : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. तृतीयेला तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे पहाटे आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी, सकाळी साडेआठच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायला लागावे. म्हणून शुद्ध असो वा वद्य, द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंतचे दिवस आपल्या फेरीसाठी उत्तम, कारण पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो, पाणी चांगले मागे हटते आणि ते सकाळी ऊन चढण्याच्या आत हटते. आपण मागच्या वेळी बाराला पोहोचलात आणि समुद्र भरलेला होता, यावरून तो पुनवेच्या किंवा अवसेच्या आगेमागेचा दिवस असावा. अष्टमीच्या आसपास दुपारी ओहोटी असते खरी, पण ते भांगाचे दिवस, तेव्हा पाणी पुरेसे उतरत नाही. हा हिशेब ठोकळ आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचा तक्ता पाहावा आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर तिथल्या कोळी बांधवांना किंवा घोडागाडीवाल्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल घालू नये. पावसाळ्यात हा बेत करूच नये.

ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागावे आणि ओहोटीनंतर तासाभरात परत पुळणीवर यावे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण एकदा किल्ल्यावर तोफांजवळ रेंगाळताना माझी वेळ चुकली आणि पुढची ओहोटी येईपर्यंत आतच बसून राहावे लागले. सोबत दोन लहान मुले होती आणि पाण्याची एकच बाटली होती.

किल्ल्याचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केले आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. पुढे १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी झालेल्या तहानुसार कान्होजी आंग्रे यांच्याकडे सरखेलपद, म्हणजे आरमाराचे प्रमुखपद, आणि इतर किल्ल्यांबरोबर कुलाबाही आला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून या किल्ल्यावर चाल केली आणि ती फसली. एवढे नातवाला वाटेतच सांगून ठेवावे आणि महादरवाजाशी पोहोचल्यावर त्याला तटाच्या दगडांजवळ उभे करावे. दोन दगडांमधल्या फटीत बोटे घालायला सांगावीत. बोटे आत जातात, कारण तिथे चुना भरलेलाच नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाट आपटली की तिचे पाणी फटींतून आत शिरते, तिचा जोर तिथेच विरतो आणि भिंतीला सगळा तडाखा सोसावा लागत नाही. चुन्याने घट्ट सांधलेल्या भिंतीवर तीच लाट पूर्ण ताकदीनिशी आदळली असती. खालच्या चिऱ्यांना चिकटलेली कालवे, म्हणजे शिंपल्यातले जीव, पाहिली म्हणजे भरतीचे पाणी कुठवर चढते हेही मुलाला आपोआप कळते. हा एक तट नीट पाहण्यात अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असे मी म्हणणार नाही.

आत सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. ते राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले असून गणपतीबरोबर शिव, विष्णू, सूर्य आणि देवी असे पंचायतन तिथे आहे. जवळच गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, आणि चहूकडे खारे पाणी असताना ती पाहून मोठ्या माणसालाही नवल वाटते. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांच्यावर यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल कोरलेले आहे. ते नातवालाच वाचू द्यावे आणि विचारावे, की आंग्र्यांचे राज्य तर इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केले, मग या तोफा कोणी आणि कशासाठी आणल्या असतील? उत्तर तो स्वतःच शोधून काढील.

किनाऱ्यावर परतल्यावर चहा-नाश्ता करून गावात शिरावे. हिराकोट कान्होजींनी १७२० मध्ये बांधला. आता तिथे कारागृह असल्याने आत जाता येत नाही आणि छायाचित्रेही काढू नयेत, पण रस्त्यावरून त्याचे थोराड काळे चिरे दिसतात आणि कुलाब्याच्या तटाशी त्यांची तुलना मनातल्या मनात करता येते. कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. त्यांची समाधी गावातच, छत्रीबागेत आहे. तिथे पाच मिनिटे शांत उभे राहावे.

आता अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेविषयी. बहुतेक पर्यटक ही वास्तू न पाहताच पुढे जातात आणि याची मला दरवेळी हळहळ वाटते. मुंबईच्या कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार असे ठरल्यावर तिच्या विद्युतप्रवाहामुळे त्या नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार हे उघड होते, म्हणून वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी विजेपासून दूर अशी जागा म्हणून अलिबागची निवड केली आणि १९०४ मध्ये इथे नवी वेधशाळा सुरू झाली. ट्राम १९०७ मध्ये धावली. मधली दोन वर्षे मुंबई आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ बसवण्यात आला, त्यामुळे नोंदींची ती साखळी तुटली नाही आणि आजही ती चालू आहे. मुंबईच्या कुलाब्याचे काम आपल्या कुलाब्याच्या किनाऱ्यावर आले, हा नावांचा योगायोगही मुलाला आवडेल. इमारतीसाठी लोहाचा अंश नसलेला पोरबंदरचा दगड वापरलेला आहे आणि खिळे-बिजागऱ्यांना लोखंडाऐवजी तांबे-पितळ घातलेले आहे, कारण लोखंडाचा एक खिळासुद्धा आतल्या चुंबकसूचीला खोटे बोलायला लावील. आत जायला पूर्वपरवानगी लागते आणि ती आधी पत्र लिहून मागावी. परवानगी न मिळाल्यास कुंपणाबाहेरून पाहावे, मात्र ही गोष्ट मुलाला तिथे उभे राहूनच सांगावी. सकाळी लाटेसाठी रचलेली भिंत पाहिली आणि दुपारी चुंबकासाठी निवडलेला दगड पाहिला, म्हणजे इमारत कुणापासून काय राखण्यासाठी बांधली जाते हे त्याला कायमचे उमजेल.

आपला शेवटचा प्रश्न प्रार्थनामंदिराविषयी आहे. परक्या माणसाने ते पाहिलेले चालते, फक्त आधी विचारून आणि शनिवार वगळून जावे. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा अशी, की त्यांचे पूर्वज नौगावजवळ गलबत फुटून किनाऱ्याला लागले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून आजूबाजूच्या गावांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांची भाषा मराठी, आणि आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी, म्हणजे त्यांत आपले पेणही आहे. इस्राएल आळीतल्या या मंदिराचे नाव मागेन आबोत, आणि आजची इमारत १९१० च्या सुमाराची आहे. पुरुषांनी आत डोके झाकून जावे, नातवाची टोपी बरोबर असू द्यावी. दाराच्या चौकटीवर तिरपी बसवलेली लहानशी डबी दिसेल, तिच्यात धर्मग्रंथातले वचन लिहिलेली गुंडाळी असते आणि आत येणारा भाविक तिला बोटांनी स्पर्श करून बोटे ओठांना लावतो. आपण तसे करण्याची गरज नाही, पण एक भाविक तसे करताना दिसला तर मुलाला ते पाहू द्यावे आणि त्या वेळी फोटो काढू नये. बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली, तेव्हा जे सांभाळणारे आहेत त्यांचा वेळ मोलाचा आहे. देणगीपेटी दिसली तर तिच्यात काही टाकावे.

एवढे झाले की संध्याकाळची गाडी आरामात मिळते. बाकीच्या जुन्या कचेऱ्या आणि वाडे वाटेवरून चालताना दिसतील तेवढे पाहावेत, त्यांच्यासाठी वेगळी पायपीट करू नये.

प्रश्न : याच दिवसात चौल-रेवदंडा जोडता येईल का? — एक वाचक, मुरूड

उत्तर : जोडू नये. रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट आणि त्यातला सातखणी बुरूज, ज्याचे आता थोडेच मजले उरले आहेत, आणि शेजारचे चौल, जिथे रशियन प्रवासी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात उतरला होता, हा सारा परिसर स्वतंत्र दिवस मागतो. अलिबागहून ते सुमारे सतरा किलोमीटरवर आहे. आपण मुरूडकडून येणार असल्याने आपल्याला तर रेवदंडा आधी लागतो, तेव्हा तिथे उतरून दिवस तिथेच घालवावा आणि अलिबागला तिथी पाहून पुन्हा यावे.