आधी हाऊजी, मग फळा

दुपारच्या गणिताच्या तासाला मुलं पेंगतात म्हणालीस ना? अगं, डबा खाऊन आलेला चौथीचा वर्ग पेंगणारच. आपल्या इंदूरच्या उन्हात तर जास्तच. फळ्याकडे वळू नकोस, पाढ्यांची हाऊजी घे. वहीत नऊ चौकोन हेच तिकीट, त्यात सहा ते नऊच्या पाढ्यांतली उत्तरं मुलांनीच भरायची. तू फक्त ‘सात आठे’ म्हणायचं, आकडा सांगायचा नाही; उत्तर ज्याच्या चौकोनात असेल त्याने ते खोडायचं. आपल्या इथल्या ‘छप्पन दुकान’ खाऊगल्लीमुळे ५६ सगळ्यांना येतो. अडतात ती ५४ आणि ६३ वर. कुणी हिंदीत ‘तिरसठ’ म्हणालं तर म्हणू दे, उत्तर बरोबर आहे ना!

माझ्या वर्गात एका मुलीने ३७ लिहिला आणि शेवटपर्यंत वाट बघत बसली. मी खेळ थांबवला आणि विचारलं, हा का येत नाहीये? दहा मिनिटं नुसता गलका. मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतःखेरीज कशानेच भाग न जाणारी, तिथेच समजली; पुढचा धडा शिकवायचा वाचलाच.

जोडीला एकच तिकीट दे, म्हणजे कच्चं मूल एकटं पडत नाही. ‘चुकला तो बाहेर’ मात्र अजिबात नको. मी पहिली दोन वर्षं तेच केलं. ज्यांना सराव हवा होता तीच मुलं भिंतीशी उभी राहायची, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. खेळ पंधरा मिनिटांत आवर, शेवटची पाच मिनिटं अडलेली गणितं वहीत उतरवून घे.