लॉक-इन संपायच्या आत घर सोडताना

अरे, आधी लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाड्याच्या) करारातलं लॉक-इनचं, म्हणजे किमान किती महिने राहायलाच हवं त्याचं, कलम नीट वाच, खरी मेख तिथेच असते. लॉक-इन सहा महिन्यांचं आणि तू चौथ्यातच निघालास, तर मालक उरलेल्या दोन महिन्यांचं भाडं मागणार. लॉक-इन उलटलं असेल तर बहुतेक करारांत महिन्याची नोटीस पुरते; पण लेखी दे, फोनवर नको.

करार नोंदवणं ही महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार मालकाची जबाबदारी. नोंदवलाच नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल तुझंच म्हणणं ग्राह्य धरतात.

किल्ली देताना भिंतींचे आणि वीजमीटरच्या रीडिंगचे फोटो काढ. रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायची काही मालकांना भारी हौस! दुसरा भाडेकरू आणून दिलास, तर बरेचजण लॉक-इनही सोडतात. एजंटला मध्ये न घालता मालकाला स्वतःच विचार.