बायबलच्या मत्तय 24 मधली 'ही पिढी' म्हणजे 1948 ला इस्राएल देश झाला त्यानंतरची पिढी का? शेवट जवळ आलाय का?

नाही. 'हे सगळं होईपर्यंत ही पिढी नाहीशी होणार नाही' असं येशू मत्तय 24:34 मध्ये म्हणतो. 'ही पिढी' म्हणजे जैतुनाच्या डोंगरावर येशूसमोर बसून ऐकणारी पिढी. मत्तय 23:36 मध्ये हेच शब्द आहेत, तिथे कोणी 1948 काढत नाही, मग एक अध्याय पुढे गेल्यावर अर्थ का बदलायचा? यरुशलेमचं मंदिर पडेल असं येशू त्याच अध्यायात म्हणाला होता, ते इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने पाडलं, म्हणजे चाळीसेक वर्षांतच. त्या अध्यायातलं पालवी फुटणारं अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, 1948 ला पालवी फुटली, अधिक एका पिढीची चाळीस वर्षं म्हणजे 1988 असं सांगणारे होते, 88 गेलं तशी पिढी लांबवली. लूक 21:29 उघडून बघा, अंजिराचं झाड 'आणि सगळी झाडं' बघा असं लिहिलंय. मग बाकीची झाडं कोणती?

एवढ्या तावातावाने लिहितोय कारण आमच्या घराने हे भोगलंय. 2011 ला अमेरिकेतल्या एका रेडिओ प्रचारकाने न्यायाच्या दिवसाची 21 मे ही तारीख दिली होती, ती आमच्या प्रार्थनासभेत एकाने आणली. नोहाचा जलप्रलय इ.स.पू. 4990, अधिक 7000, मधे शून्य साल नाही म्हणून अजून एक, झालं 2011. दादाने वहीत तीनदा हिशोब करून बघितला. चाळीतला कांदा येईल त्या भावाने काढून टाकला, नांगरट नाही, बियाणं नाही, म्हणाला आता कुणासाठी. शनिवार होता, संध्याकाळी सहाला भूकंप सुरू होणार म्हणून साडेपाचपासून सगळे ओसरीवर गुडघे टेकून. सहा वाजले, साडेसहा, सात. गोठ्यात गाय हंबरायला लागली, धारेची वेळ टळून गेली होती. शेवटी आई उठली, कासंडी घेतली आणि धार काढायला गेली. दादा रडला. तारीख आणणारा माणूस नंतर फिरकला नाही, मग 21 ऑक्टोबर निघाली, तीही गेली. त्या प्रचारकाने स्वतः 2012 ला चूक कबूल केली.

हे नवीन नाही. अमेरिकेतला प्रचारक विल्यम मिलर, तो स्वतः शेतकरी, त्याच्या लोकांनी दानीएल 8:14 च्या 2300 दिवसांवरून येशूच्या येण्याची तारीख 22 ऑक्टोबर 1844 काढली होती आणि काहींनी तेव्हा पिकं शेतात तशीच सोडली.

आता हेही सांगतो, मत्तय 24 सगळंच्या सगळं इ.स. 70 ला पूर्ण झालं असं मी म्हणत नाही. 36 व्या वचनापासून प्रभूच्या येण्याचा विषय आहे असं मी मानतो, आमच्याच मंडळीत वेगळं मानणारे चांगले अभ्यासू लोक आहेत. तो येणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही असं तिथेच लिहिलंय, मग वहीत कशी सापडेल?

तुम्हाला कोणी साल सांगितलं असेल तर जमीन विकू नका, मुलांची ॲडमिशन थांबवू नका. 2 थेस्सलनीका 3:10 वाचा, काम करायचं नसेल त्याने खाऊ नये. हे मी दादाला त्या जूनमध्ये वाचून दाखवलं तर म्हणाला, ते आळशांसाठी आहे, तुझा विश्वास कमी पडतो. नाही दादा. त्याच पत्राचा दुसरा अध्याय काढ, प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय असं कोणी सांगितलं तर घाबरून जाऊ नका असं पौल म्हणतो. दोन्ही एकाच पत्रात आहेत, एकाच मंडळीला लिहिलेली.