डिस्क विकतची, क्रॅक नेटवरची : गुन्हा होतो का?

प्रश्न : वीस वर्षांपूर्वी विकत घेतलेला एक गेम माझ्याकडे आहे. डिस्क, डबी, सीडी-की सगळं जपून ठेवलंय. त्यावर सेफडिस्कचं कॉपी-प्रोटेक्शन असल्याने नव्या कॉम्प्युटरवर तो सुरूच होत नाही. शेवटी नेटवरून क्रॅक फाइल, म्हणजे हे प्रोटेक्शन निकामी करणारी फाइल, उतरवली आणि तो चालला. आनंदाच्या भरात ती फाइल आणि पूर्ण डिस्कची प्रत मित्रांच्या ग्रुपवर लिंक करून टाकली. एक जण म्हणतो, ‘तुरुंगात जाशील.’ खरंच?

उत्तर : आधी ती लिंक काढा. पुढचं त्यानंतर वाचा.

तुमचा गेम अडला यात तुमची काहीच चूक नाही. सेफडिस्कच्या डिस्कवर मुद्दाम सदोष सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे छोटे कप्पे, ठेवलेले असत. साध्या कॉपीत ते नीट उतरत नसत, आणि गेम सुरू होताना नेमके तेच तपासले जात. या तपासणीला विंडोजमधला एक ड्रायव्हर, म्हणजे पडद्याआड चालणारा छोटा प्रोग्रॅम, लागायचा. तो सुरक्षेला धोकादायक ठरला, म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये त्याला जागाच दिली नाही. क्रॅक केलेली प्रत वापरणाऱ्याचं काही अडलं नाही, पैसे मोजणाऱ्याचं मात्र अडलं. याचा मलाही राग येतो.

आता कायदा. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. असं संरक्षण (कॉपी-प्रोटेक्शन) तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण ते कॉपीराइटच्या हक्कभंगाच्या हेतूने तोडलं असेल तरच. अमेरिकेचा १९९८ चा कायदा तोडण्यालाच मुळात मनाई करतो आणि दर तीन वर्षांनी काही अपवाद ठरवतो. आपल्याकडे सगळी भिस्त हेतूवर आहे. स्वतःचा गेम स्वतः खेळायचा, हा तुमचा हेतू. शिवाय कलम ५२ नुसार, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे त्याला ती वापरता यावी म्हणून तिची प्रत किंवा तिच्यात बदल करता येतो.

पण त्याच कलमात दोन शब्द आहेत : ‘त्या प्रतीवरून’. तुमच्या डिस्कवरून तुम्ही केलेली प्रत यात बसते. कुणा अनोळखी माणसाने दुसऱ्याच प्रतीवरून बनवलेली फाइल बसवणं अवघड आहे. हक्कभंग करणारी प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३ब लागतं : सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. मात्र वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर पुरेशी कारणं नोंदवून न्यायालय कैद टाळू शकतं आणि ५० हजारांपर्यंत दंडावर थांबू शकतं. त्यामुळे मित्राने घातलेली भीती तुमच्या खेळण्यापुरती तरी अवास्तव आहे.

लिंकचं तसं नाही. तिथे तुम्ही वापरणारे राहत नाही, वाटणारे होता. त्याला कलम ६३ आहे : सहा महिने ते तीन वर्षं कैद, शिवाय दंड. नफा नसेल तर शिक्षा कमी होऊ शकते, पण ‘मित्रांनाच दिलं’ हा बचाव नाही. मित्राकडे स्वतःची डिस्क असली तरी ६५अ खाली संरक्षण ओलांडायला मदत करणाऱ्याने त्या मित्राचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवायची असते. तुम्ही ठेवली आहे का? ज्यांनी लिंकवरून गेम उतरवला, त्यांना तो पुसायला सांगा आणि हे लेखी कळवा.

क्रॅकही काढून टाका. जुन्या कॉम्प्युटरवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर) विंडोज एक्सपी घाला, त्याचं इंटरनेट बंद ठेवा आणि डिस्क लावून खेळा. म्हणजे संरक्षण तोडावंच लागणार नाही. असे बरेच जुने गेम आता संरक्षणाशिवायही अधिकृतपणे मिळतात, तेही शोधून पाहा. डिस्क, डबी आणि असेल तर बिल जपा. पुढे कधी डिस्क विकलीत, तर तिच्यावरून केलेली बॅकअप प्रत त्याच दिवशी पुसा, कारण ती ठेवण्याचा तुमचा हक्क डिस्कबरोबरच जातो.